आयईएल्टीएस: क्लास की घरीच?

मराठी माध्यमातून शिकलोय, आयईएल्टीएससाठी (परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) पुण्यात क्लास लावू का, असं विचारलंत म्हणून सांगतो. मी डेक्कनला लावला होता. टेम्प्लेटं पाठ करून घेतली, बस्स. माझी दांडी गुल झाली रायटिंगमध्ये. दुसऱ्या टास्कला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं हे ठाऊक असूनही 150 शब्दांच्या आलेख-वर्णनात अर्धा तास घातला आणि 250 शब्दांचा निबंध अर्धवट राहिला. दुसऱ्या वेळी आधी निबंधच लिहिला, 40 मिनिटं लावून.

स्पीकिंगसाठी रोज एक विषय घ्या: एक मिनिट विचार, दोन मिनिटं बडबड, मोबाईलवर रेकॉर्ड. (मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटच्या आत बोलायचो. लोक बघायचे.) गोऱ्यांसारखा अॅक्सेंट काढायच्या फंदात पडू नका. आणि हो, लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की गुण गेला.