जागेवर उभी गाडी तापते, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकावा का? (टोपणनावांनी तिघांची चर्चा)

म्हापशाची आठशे

गाडी तापते म्हटले की आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत निदान न करताच दोन कामे उरकली जातात: थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढला जातो आणि पंखा ‘डायरेक्ट’, म्हणजे सतत चालू राहील असा, केला जातो. जुन्या गाडीचे यात नुकसान आहे, असे माझे ठाम मत आहे.

कार्ब्युरेटरची मारुती ८०० महामार्गावर मडगावपर्यंत तापमानाचा काटा न हलवता जाते आणि पर्वरीच्या कोंडीत उभी राहिली की काटा चढू लागतो, हे लक्षणच बरेच काही सांगते. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा मिळतो. उभ्या गाडीत हवा ओढण्याचे काम एकट्या पंख्यावर येते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता, तर अधिक उष्णता निर्माण करणारे धावते इंजिन आधी तापले असते. तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो, म्हणजे काटा लाल पट्टीकडे जाईपर्यंत तो पूर्ण उघडलेला असतो. उघडेच असलेले दार चौकटीतून उचकटून काढल्याने घरात वारा वाढत नाही.

म्हणून आधी पंखा तपासावा. इंजिन थंड असताना कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी पाहावी, मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पंखा सुरू होतो का ते पाहावे. होत नसेल तर इग्निशन चालू ठेवून थर्मोस्विचचे (पाणी तापले की पंखा लावणाऱ्या स्विचचे) सॉकेट काढावे आणि त्यातील दोन्ही तारा क्षणभर जोडाव्यात. एकच तार असेल तर ती इंजिनच्या धातूला टेकवावी. पंखा फिरला तर मोटर, फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज जोडणारा विद्युत स्विच) ठीक आहेत, दोष स्विचमध्ये आहे किंवा पाणी कमी असल्याने स्विच पाण्यात बुडतच नाही. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मोटर आणि विशेषतः अर्थिंग पाहावे, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढतो आणि वीज पुरेशी पोहोचत नाही. पंखा फिरतो एवढ्यावरही समाधान मानू नये. वायरिंग बदलताना तारा उलट लागल्या असतील, तर तो हवा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकतो.

कुडचड्याची टॅक्सी

आपले निदान मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याला भर हंगामात, प्रवासी मागे बसलेले असताना, स्विच कधी दगा देईल याची वाट पाहणे परवडत नाही. अॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) एकदा वाकले की होणारा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. जुन्या गाड्यांसाठी बाजारात मिळणारे नकली थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकतात, हे कोणताही मिस्त्री सांगेल. गोव्यात हिमाचलसारखी थंडी नाही; इथे इंजिनला गरम होण्यासाठी मदत कशाला हवी? पंख्याला डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण असले, की निर्णय चालकाच्या हातात राहतो. शिवाय आमच्या भागात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. एसीचा कंडेन्सर पुढे असेल तर दोहोंच्या मधला थर बाहेरून दिसतही नाही. अशा रेडिएटरला पंखा सतत चालूच हवा.

डिचोलीचे गॅरेज

आपण दोघेही पंख्यापाशीच थांबलात. पंखा व्यवस्थित असूनही गाडी जागेवर तापते, तेव्हा इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकले आहे का, आयडलिंग (उभ्या गाडीतील इंजिनचा वेग) फार खाली आहे का, पाण्याच्या पंपाचा बेल्ट सैल आहे का, हे पाहावे लागते. रेडिएटरची कॅप तर कोणी बघतच नाही: ०.९ बार दाब धरणारी चांगली कॅप साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास नेते, तर सैल कॅपखाली ते १०० अंशांनाच उकळते. थंड इंजिनवर कॅप काढून गाडी सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट (हेडखालचे सील) फुटल्याचा संशय घ्यावा. मोलेमहून अनमोड घाट चढताना गाडी तापत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा नसून रेडिएटर आतून गंजाने भरल्याचा असतो, आणि वर्षानुवर्षे कुलंटऐवजी विहिरीचे पाणी घातलेल्या गाड्यांत तो मला वारंवार दिसतो.

म्हापशाची आठशे

कॅपचा मुद्दा मोलाचा आहे. टॅक्सीवाल्या बंधूंना मात्र माझे उत्तर असे, की लाल धूळ हे जाळी आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुण्याचे कारण आहे, पंखा अखंड चालवण्याचे नव्हे. थर्मोस्टॅटशिवायची गाडी पावसाळ्यात रात्री वेर्ण्याच्या पठारावरून जाते, तेव्हा इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. पेट्रोल जास्त जळते, तेलातील ओलावा उडून जात नाही आणि सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत फिरतो आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. नकली मालाची भीती असेल तर बसवण्यापूर्वी तो पातेल्यातील पाण्यात तापमापकासह तापवून पाहावा. रिलेसह बटणाला माझा विरोध नाही, फक्त ते थर्मोस्विचला समांतर जोडावे, म्हणजे चालक विसरला तरी पंखा आपोआप लागेल.

कुडचड्याची टॅक्सी

समांतर जोडणी मी करून घेईन. त्यात तोटा काहीच दिसत नाही. थर्मोस्टॅटबाबत मात्र माझे मत कायम आहे. पातेल्यात आज उघडलेला नकली तुकडा सहा महिन्यांनी उघडेल याची हमी कोण देणार? अस्सल भाग मिळाला तरच तो बसवीन, आणि तोही हवा अडकून राहू नये म्हणून कडेला बारीक भोक असलेलाच. तोवर माझी गाडी त्याच्याविनाच धावेल.