सत्या, मलिक आणि साधू आगाशे एकाच मुंबईत राहतात काय?

धानपट्टा

रोवणी आटोपल्यावर पावसाने चार दिवस घरात कोंडले, तेव्हा मी तीन गुन्हेपट ओळीने पाहिले : ‘सत्या’ (१९९८), ‘कंपनी’ (२००२) आणि ‘अब तक छप्पन’ (२००४). पहिल्या दोहोंचे दिग्दर्शन राम गोपाल वर्मा यांचे आहे. तिसरा शिमित अमीन यांनी दिग्दर्शित केला असला तरी निर्मिती वर्मांचीच आहे. हे तीन चित्रपट तीन वेगळ्या गोष्टी नसून एकाच शहराचे तीन टप्पे आहेत, असे माझे मत झाले आहे. ते मी येथे मांडतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी अवश्य खोडून काढावे.

‘सत्या’मध्ये पोलीस आयुक्त आमोद शुक्ला टोळ्यांविरुद्ध कडक पवित्रा घेतात, चकमकींत गुंड मारले जाऊ लागतात आणि त्याचा वचपा म्हणून टोळीतले सत्या व भिकू म्हात्रे यांची माणसे आयुक्तांनाच ठार करतात. ज्या शहरात आयुक्ताचा असा खून झाला, त्या शहरातले पोलीस पुढे कसे वागतील? मला त्याचे उत्तर ‘अब तक छप्पन’मधील पोलीस अधिकारी साधू आगाशे याच्यात दिसते. चकमकीत मारलेल्यांचा आकडा हीच त्याची ओळख आहे आणि त्याच्या खात्याला त्यात वावगे असे काही वाटत नाही. मधली कडी ‘कंपनी’ पुरवते. मुंबईत जागा उरली नाही म्हणून मलिक आणि चंदू हे टोळीवाले परदेशी जातात आणि टोळी फोनवरून चालू लागते. त्यानंतरच्या काळात परदेशात बसलेला टोळीप्रमुख जमीर साधूला फोन करतो आणि वैरी असूनही दोघे एकमेकांशी जुन्या ओळखीच्या माणसांसारखे बोलतात, हे चमत्कारिक न वाटता स्वाभाविक वाटते. ‘सत्या’तला इन्स्पेक्टर खांडिलकर आणि साधू आगाशे यांनी एकाच कॅन्टीनमध्ये चहा घेतला असेल, असे मला ठामपणे वाटते.

कपाशीवाला

मांडणी वाचनीय आहे. परंतु तिचा पायाच कच्चा आहे. या तीनही चित्रपटांनी आपला माल एकाच दुकानातून उचलला आहे आणि ते दुकान म्हणजे नव्वदच्या दशकातील खरी मुंबई होय. खंडणी, बांधकाम व्यावसायिकांचे खून, परदेशी पळालेले म्होरके, पोलिसांच्या चकमकी हे सारे तेव्हा वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होते. एकाच मूळ घटनेवरून तिघांनी तीन चित्रे काढली तर ती एकमेकांसारखी दिसणारच. माझ्या आणि शेजाऱ्याच्या वावरात एकाच हंगामात गुलाबी बोंडअळी आली, म्हणून आमचा सातबारा एक होत नाही.

दुसरे असे की, ज्यांना त्रयी म्हटले जाते ते चित्रपट म्हणजे ‘सत्या’, ‘कंपनी’ आणि विश्राम सावंत दिग्दर्शित ‘डी’ (२००५). आपण ‘डी’ला सोयीस्करपणे बाहेर ठेवून ‘अब तक छप्पन’ला आत घेतले आहे. ज्या सिद्धांताला आपली माणसे स्वतःच निवडण्याची मुभा असते, तो कधीच चुकत नाही आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोठा वाटतो. आयुक्ताचा खून ही कोणत्याही पोलीस खात्याच्या दृष्टीने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी घटना असते. साधू आगाशे जर त्याच खात्यातला असेल, तर त्याच्या तोंडी त्या आयुक्ताचा एकदाही उल्लेख कसा नाही? ‘कंपनी’तही भिकू म्हात्रेचे नाव कोणी घेत नाही. आमच्या गावात वीस वर्षांपूर्वी झालेल्या एका मारामारीचा उल्लेख अजूनही दर ग्रामसभेत होतो.

पडद्यामागचा

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत प्रकाशयोजनेचे काम करतो. दिवाळीनंतर धान घरात आले की आमचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत चालतो आणि देसाईगंज, म्हणजे आम्ही ज्याला वडसा म्हणतो तेथून कंपन्यांच्या गाड्या रोज नव्या गावाकडे निघतात. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (गावची जत्रा) आणि रात्री दहानंतर उजाडेपर्यंत नाटक. अशा हंगामात एकच नट सोमवारी जुलमी सावकार असतो, मंगळवारी इन्स्पेक्टर असतो आणि बुधवारी पश्चात्ताप झालेला बाप. आमच्या प्रेक्षकांना त्याचा काडीइतकाही गोंधळ होत नाही. तेव्हा तेच वातावरण, तीच भाषा, त्याच चेहऱ्यांचे नट दिसले म्हणजे जग एक झाले, हे काही मला पटत नाही. या बाबतीत मी कपाशीवाल्यांच्या बाजूने आहे.

उशिराची एसटी

येथे एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते, कारण आपल्याकडे गावात जे चित्रपट सर्वांत जास्त पाहिले जातात ते हिंदीत भाषांतर केलेले दक्षिणेतले आहेत आणि त्यांत हा घोळ फार होतो. माझा पुतण्या नववीत आहे. दोन वेगवेगळ्या चित्रपटांतले दोन वेगवेगळे नायक एकाच माणसाच्या आवाजात हिंदी बोलताना त्याने ऐकले आणि पहिल्याने नाव बदलून दुसरीकडे संसार थाटला आहे, असा सिद्धांत त्याने पानठेल्यावर मांडला. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घोटणाऱ्याचा हात मधेच थांबला आणि पन्नी बाजूला ठेवून तोही या चर्चेत शिरला. अर्धा तास झाल्यावर दोघांनाही तो सिद्धांत पटलेला होता.

परंतु खरोखर जोडलेले जग कसे असते, हेही त्याच दक्षिणेने दाखवले आहे. लोकेश कनगराज यांच्या ‘कैथी’ (२०१९) या चित्रपटाची गोष्ट एका रात्रीत घडते. त्यात नव्या बदलीवर हजर व्हायला आलेला नेपोलियन नावाचा एक साधा शिपाई आहे. आयुक्त कार्यालयावर गुंड चालून येतात तेव्हा तो तेथे अडकलेल्या कॉलेजच्या पोरांना सोबत घेऊन दारे लावून धरतो. चार वर्षांनी ‘लिओ’त (२०२३) हाच नेपोलियन त्याच नावाने पुन्हा समोर येतो. मधल्या ‘विक्रम’मध्ये (२०२२) ‘कैथी’तला अधिकारी बिजॉय येतो आणि अमली पदार्थांचे जुने प्रकरण पुढे सरकते, इतकेच नव्हे, तर ‘विक्रम’ लागण्याच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकाने प्रेक्षकांना ‘कैथी’ पुन्हा पाहून येण्यास सांगितले होते. मोठा नट शेवटच्या पाच मिनिटांत गाडीतून उतरतो, त्यापेक्षा हा शिपाई मला अधिक पटतो. लहान माणूस परत येतो तेव्हा त्या जगात आपल्या गैरहजेरीतही दिवस उगवत होते, असे वाटते.

धानपट्टा यांच्याकडे असा नेपोलियन नाही. तो मिळाला तर मी लगेच पक्ष बदलेन.

कपाशीवाला

नेपोलियनचे उदाहरण योग्य आहे. रोहित शेट्टी यांनीही निदान दफ्तर नीट ठेवले आहे. ‘सिंघम’मधील बाजीराव शिवगडचा आणि सात वर्षांनी आलेल्या ‘सिंबा’तील संग्राम भालेरावही शिवगडचाच. चित्रपट आवडो वा न आवडो, पत्ता तर दिलेला आहे.

तालुक्याचे गुरुजी

निवृत्तीनंतर मला इंग्रजी गुन्हेपटांचे व्यसन लागले, त्याचा येथे थोडा उपयोग होईल असे वाटते. क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये (१९९२) व्हिक व्हेगा नावाचा एक निर्दय दरोडेखोर आहे आणि ‘पल्प फिक्शन’मध्ये (१९९४) व्हिन्सेंट व्हेगा नावाचा मारेकरी आहे. आडनाव एक पाहून प्रेक्षकांनी तर्क केला आणि दिग्दर्शकाने तो मान्यही केला : ते भाऊ आहेत. दोघांना एकत्र आणणारा चित्रपट काढण्याचा त्यांचा विचार होता, पण तो कधी झाला नाही. दोन्ही पात्रे आपापल्या चित्रपटांत मरतात, तेव्हा मागच्या काळातली गोष्ट सांगावी लागली असती आणि तोवर नटांची वये पुढे गेली. याच दिग्दर्शकाच्या चित्रपटांत ‘रेड ॲपल’ नावाची एक काल्पनिक सिगारेट अनेकदा दिसते.

त्यांनी आणखी एक गमतीचा भेद केला आहे. त्यांच्या मते त्यांची दोन जगे आहेत : एका जगात पात्रे राहतात आणि दुसऱ्या जगातले चित्रपट ही पात्रे सुटीच्या दिवशी थिएटरात जाऊन पाहतात. ‘किल बिल’ हा दुसऱ्या प्रकारचा. (हे वाचल्यावर मला ‘सत्या’ आठवला. त्यात सत्या आणि त्याची प्रेयसी विद्या ‘बॉर्डर’ हा चित्रपट पाहायला जातात आणि पोलीस दारे बंद करतात तेव्हा जीवघेणी चेंगराचेंगरी होते. म्हणजे सत्याच्या जगात आपले हिंदी चित्रपट लागतात. मग तेथे ‘सत्या’ लागत असेल काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.)

मात्र माझ्या मते सर्वांत पक्का पुरावा वेगळाच आहे. एल्मोर लेनर्ड यांच्या कादंबऱ्यांवर टॅरंटिनो यांचा ‘जॅकी ब्राउन’ (१९९७) आणि स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘आउट ऑफ साइट’ (१९९८) निघाला. दिग्दर्शक वेगळे आणि कंपन्याही वेगळ्या. तरी रे निकोलेट हे एकच पात्र दोन्हींत आहे आणि दोन्हींत ते मायकेल कीटन यांनीच केले आहे. कारण मूळ लेखक एक होता. कपाशीवाल्यांनी ‘एकच दुकान’ असे म्हटले, ते येथेही खरे आहे. फरक एवढाच की येथे दुकानदाराने माल देताना पावती दिली होती.

मेळघाटच्या पायथ्याशी

गुरुजींच्या पावतीला माझा विरोध आहे. आमच्याकडे चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले असे सांगतात आणि हात धुतले ते भीमकुंड आजही दाखवतात. खाली तिवसा तालुक्यात कौंडिण्यपूरला रुक्मिणीचे माहेर आहे. तिकडे रामटेकला राम थांबला होता. यांतली एकही जोडणी कोणा लेखकाच्या सही-शिक्क्याने झालेली नाही. ऐकणाऱ्यांनी आपल्या पायाखालची जमीन त्या कथेला जोडून दिली. माझी आजी भीमकुंडाच्या कठड्याला धरून उभी राहिली की खालच्या धुक्याकडे पाहून आवाज खाली करीत असे, जणू कीचक अजून ऐकतो आहे. धानपट्टा यांनी साधूच्या मागे मेलेला आयुक्त उभा केला, तर ते याच जातीचे काम आहे आणि त्यासाठी वर्मांची परवानगी लागत नाही.

कपाशीवाला

आजींबद्दल आदर आहे, पण याच उदाहरणाने माझी बाजू बळकट होते. विराटाची नगरी आपली असे राजस्थानातील बैराटचे लोकही सांगतात आणि आपल्याच राज्यातील वाईचेही सांगतात. कीचक एक आणि त्याला मारण्याच्या जागा अनेक. श्रद्धेच्या ठिकाणी ते चालते, कारण तेथे कोणी कोणाचे खोडायला जात नाही. परंतु धानपट्टा यांनी आम्हांला ‘खोडून काढा’ असे आव्हान दिले आहे. त्या कसोटीला उतरायचे तर आयुक्ताच्या खुनाबद्दलच्या मौनाचे उत्तर द्यावेच लागेल.

धानपट्टा

काल रात्री ‘अब तक छप्पन’ पुन्हा पाहिला, तोही केवळ त्या मौनासाठी. कपाशीवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्या खुनाचा उल्लेख त्यात नाही. ‘डी’ वगळण्याबाबतचा आक्षेपही मी मान्य करतो, कारण तो मी वगळला तो केवळ माझ्या साखळीत बसत नव्हता म्हणून. तेव्हा ‘हे एकच जग आहे’ हे विधान मी मागे घेतो.

परंतु एक गोष्ट मागे घेता येत नाही. साधू नव्या पोराला कामाची रीत शिकवतो, ती दृश्ये पूर्वी मला नुसती चटकदार वाटत होती. ‘सत्या’ लगेच आधी पाहिल्यामुळे या वेळी तो माणूस मला शूर न वाटता घाबरलेला वाटला. आपल्या साहेबाला घरचा रस्ता सुरक्षित नव्हता हे ठाऊक असलेला माणूस जसा वागेल, तसा तो वागतो. हे दिग्दर्शकाने ठेवलेले नसेल आणि माझ्या डोक्यातच असेल. पण आता ते निघत नाही.

उशिराची एसटी

म्हणजे नेपोलियन सापडला नाही. मी आहे तिथेच आहे.

पडद्यामागचा

मी वर जे लिहिले त्यात एक गोष्ट गाळली होती, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. मागच्या हंगामात लागोपाठ दोन रात्री आमचे नाटक शेजारशेजारच्या दोन गावांत होते. नाटके वेगळी, पण खलनायकाचे काम करणारा नट तोच. पहिल्या गावात तो तिसऱ्या अंकात मारला गेला. दुसऱ्या रात्री तो इन्स्पेक्टर होता. पहाटे पडदा पडल्यावर मी तारा गुंडाळत होतो, तेव्हा खांद्यावर चादर घेतलेली एक म्हातारी रंगमंचाच्या कडेशी आली. ती दोन्ही गावांत आली होती. एका गावी तिचे माहेर, दुसऱ्या गावी लेक. रंग पुसत बसलेल्या त्या नटाकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “काल तं तू मेला होता ना बापू, आज पोलीस कसा काय झाला?”

आम्ही सगळे हसलो. नटाला काय उत्तर द्यावे ते सुचेना. तेवढ्यात तिनेच मान हलवली आणि नातवाचा हात धरून जाता जाता त्याला समजावले, “कालच्याचा भाऊ असंल हा.”