फॉर्म ११, मेडिक्लेम आणि मधली गॅप : नवीन कंपनीला काय आणि किती सांगायचं?

रुजू_होतेय

२ फेब्रुवारी २०२६ ला नवीन कंपनीत रुजू होणार आहे. एचआरने जॉइनिंग किटमध्ये फॉर्म ११ (पीएफचा), फॉर्म १२बी (आधीच्या पगाराचा, करासाठी), मेडिक्लेमचा फॉर्म आणि ग्रुप टर्म इन्शुरन्सचा फॉर्म पाठवलाय. आठवड्याभरात भरून द्यायचे आहेत.

परिस्थिती अशी : पहिली नोकरी १ नोव्हेंबर २०२० ते ३० नोव्हेंबर २०२४. त्यापुढे रेझ्युमेत सरळ गॅप आहे, कारण ‘कौटुंबिक’. पण मध्ये जुलै ते सप्टेंबर २०२५ असं तीन महिने एका छोट्या कंपनीत काम केलं होतं, महिना ४५,००० वर. ते रेझ्युमेत नाही, इंटरव्ह्यूमध्येही विषय निघाला नाही. तिथे पीएफ मात्र जुन्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) कापला गेलाय. पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत ती कंपनी दिसते आणि नोकरी सोडल्याची तारीख रिकामी आहे. रिलीव्हिंग लेटर मिळालेलं नाही.

गॅपमध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि लग्नही झालं. आईला मधुमेह आणि बीपी आहे. पीएफमधून एक रुपयाही काढलेला नाही.

प्रश्न : फॉर्म ११ मध्ये मधली नोकरी दाखवावीच लागते का? गॅपचं कारण कुठे लिहायचं असतं? ऑपरेशनबद्दल कंपनीला सांगणं बंधनकारक आहे का?

पेरोल_डेस्क

आधी फॉर्म ११. त्यात गॅपचं कारण विचारणारा रकानाच नाही. फॉर्म फक्त एवढं विचारतो : पूर्वी पीएफचे सभासद होता का, पूर्वी पेन्शन योजनेचे सभासद होता का, आणि असाल तर मागच्या नोकरीचा तपशील, म्हणजे यूएएन, मेंबर आयडी (त्या कंपनीतल्या पीएफ खात्याचा क्रमांक), रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. इथे ‘मागची नोकरी’ म्हणजे तुमची तीन महिन्यांचीच नोकरी. २०२४ ची कंपनी शेवटची म्हणून लिहिलीत तर सही केलेल्या कागदावरची माहिती आणि पीएफच्या नोंदी जुळणार नाहीत, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. म्हणून हो, ती दाखवावीच लागेल.

त्याच तक्त्यात ‘एनसीपी डेज’ असा एक रकाना असतो. बरेच जण तिथे गॅपचे दिवस मोजून टाकतात. तसं करू नका. एनसीपी म्हणजे नोकरीवर असताना बिनपगारी गेलेले दिवस. दोन नोकऱ्यांमधला काळ त्यात येत नाही.

आता क्रम महत्त्वाचा आहे. फॉर्म देण्याआधी एचआरला मेल करा, नंतर नाही. व्हेरिफिकेशनवाल्यांनी विसंगती काढली आणि मग तुम्ही खुलासा केलात, की तो खुलासा न राहता सबब वाटते. तोच मजकूर आधी गेला तर ती साधी दुरुस्ती असते. मेल लहान ठेवा, साधारण असा :

‘माझ्या रेझ्युमेमध्ये डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२६ हा काळ गॅप म्हणून दाखवला आहे. या काळात जुलै ते सप्टेंबर २०२५ मी अमुक कंपनीत काम केले. ही नोकरी अल्पकाळाची असल्याने रेझ्युमेत नोंदवली नव्हती. पीएफच्या नोंदींशी माहिती जुळावी म्हणून कळवत आहे. सुधारित रेझ्युमे, तीन पगारांच्या नोंदी असलेले बँक स्टेटमेंट आणि राजीनाम्याचा मेल सोबत जोडला आहे.’

बस. का सोडली, तिथे काय झालं, घरी काय चाललं होतं, यातलं काही लिहू नका. विचारलं तर एका वाक्यात सांगा. रिलीव्हिंग लेटर नसेल तर पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि पीएफचं पासबुक एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम होतं. काही कंपन्या गॅपसाठी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात ‘या काळात कुठेही नोकरी केली नाही’ असा छापील मजकूर असतो. तुमच्या बाबतीत तो खोटा ठरतो. तयार नमुना आला तर न वाचता सही करू नका, वाक्य बदलून घ्या. रेझ्युमेत नोकरी राहून जाणं सांभाळून घेता येतं. खोट्या प्रतिज्ञापत्राने ऑफर जाते.

रुजू_होतेय

धन्यवाद. एका मैत्रिणीचं म्हणणं, ‘पूर्वी पीएफ नव्हता’ असं लिहून नवीन यूएएन घे, म्हणजे जुनं काही दिसणारच नाही. असं चालतं का?

पेरोल_डेस्क

नाही. तुमचं आधार जुन्या यूएएनला जोडलेलं आहे, त्याच आधारवर दुसरा यूएएन तयार होत नाही. आणि समजा एखाद्या जुन्या त्रुटीमुळे झालाच, तर पहिल्या नोकरीतली चार वर्षं वेगळी पडतील. पैसे ट्रान्सफर करताना दोन्ही यूएएन समोरासमोर येतीलच, शिवाय ‘पूर्वी सभासद नव्हते’ ही सही तुमच्या नावावर राहील. हा विचार सोडून द्या.

पासबुक_वाचा

सोडल्याची तारीख रिकामी आहे, ते या आठवड्यातच उरकून घ्या. ती रिकामी राहिली तर नोंदींमध्ये तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांत असल्यासारखं दिसतं. व्हेरिफिकेशनवाले त्याला दुहेरी नोकरी समजतात आणि पीएफ ट्रान्सफरही अडकतो.

मेंबर पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एग्झिट’ आहे. तिथे ती कंपनी निवडायची, तारीख आणि कारण टाकायचं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कंपनीची मंजुरी लागत नाही. अट अशी, की शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटलेले हवेत. तुमचे उलटलेत. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली लागते. कारणात ‘शॉर्ट सर्व्हिस’ निवडा.

इथे एक घोळ नेहमी होतो. पासबुकात सप्टेंबरच्या पगाराच्या वर्गणीपुढे ‘ड्यू मंथ १०२०२५’ असं छापलेलं असतं, कारण सप्टेंबरची वर्गणी कंपनीने १५ ऑक्टोबरपर्यंत भरायची असते. लोक ते वाचून ऑक्टोबरची तारीख टाकायला जातात. ‘वेज मंथ’चा रकाना बघा, ड्यू मंथचा नाही. आणि महिन्याची शेवटची तारीख अंदाजाने ठोकू नका. राजीनाम्याच्या मेलमध्ये शेवटचा दिवस २६ सप्टेंबर असेल तर २६ च टाका. मेल, फॉर्म ११ आणि पोर्टल, तिन्हीकडे तारीख एकच हवी. सबमिट करण्याआधी दोनदा वाचा, कारण नंतरची दुरुस्ती जॉइंट डिक्लेरेशनच्या (नोंदी दुरुस्त करण्याच्या अर्जाच्या) वाटेने करावी लागते आणि त्यात वेळ जातो.

दुसरं, फॉर्म ११ मधला पेन्शनचा प्रश्न. तो डोळे झाकून ‘हो’ करू नका. पासबुकात शेवटचा रकाना पेन्शनच्या वर्गणीचा असतो. पहिल्या नोकरीत तिथे दरमहा १,२५० (पीएफचा पगार १५,००० पेक्षा कमी असेल तर त्याच्या ८.३३ टक्के) जमा झाले असतील, तर तुम्ही पेन्शन योजनेच्या सभासद आहात. रकाना शून्य असेल तर नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच पीएफचा पगार १५,००० च्या वर असलेल्या माणसाला पेन्शन योजना लागू होत नाही. मालकाचा १२ टक्के वाटा मग पूर्ण पीएफमध्ये जातो. तुम्ही २०२० मध्ये आलात, म्हणून हे तपासणं गरजेचं. चुकीचं ‘हो’ झालं तर पात्र नसताना पेन्शन खात्यात पैसे जातात आणि पुढे पैसे काढताना किंवा ट्रान्सफर करताना दावा परत येतो. चुकीचं ‘नाही’ झालं तर पेन्शनसाठी लागणारी वर्षं मोजायची थांबतात.

गॅपची काळजी करणाऱ्यांसाठी : पेन्शनला १० वर्षं सेवा लागते, पण ती सलग असावी लागत नाही. गॅप वजा होते, आधीची वर्षं बुडत नाहीत. बुडतात ती फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले तर. तुम्ही काढले नाहीत हे फार चांगलं केलंत.

कर_आणि_पगार

फॉर्म १२बी चं बघू. त्यात फक्त चालू आर्थिक वर्षातलं आधीच्या मालकाकडचं उत्पन्न येतं. तुमची २०२४ ची नोकरी आधीच्या वर्षातली, ती इथे नको. जुलै-सप्टेंबरचे १,३५,००० मात्र २०२५-२६ मध्येच येतात, म्हणून ते लिहायचे. जी गोष्ट पीएफमध्ये लपत नाही ती इथेही लपत नाही. आणि एका फॉर्ममध्ये दाखवून दुसऱ्यात कोरी सोडली तर ते जास्त वाईट दिसतं.

रक्कम एवढीच असेल तर कराच्या दृष्टीने घाबरण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी-मार्चचे दोन पगार धरूनही नव्या करपद्धतीत बेरीज ४ लाखांच्या आत राहणार असेल तर कर शून्य. पण हा धागा वाचणाऱ्या इतरांनी सावध राहावं. जुन्या मालकाकडे ८ लाख आणि नव्याकडे ७ लाख झाले असतील, तर दोघंही आपापल्या हिशोबात १२ लाखांच्या आतली सवलत धरतात, दोघंही ७५,००० ची प्रमाणित वजावट देतात आणि कोणीच टीडीएस कापत नाही. रिटर्न भरताना १५ लाखांतून वजावट एकदाच मिळते. राहिलेल्या १४.२५ लाखांवर उपकरासह ९७,५०० रुपये कर निघतो, वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. १२बी वेळेत दिला असता तर नव्या कंपनीने तो उरलेल्या महिन्यांत थोडा थोडा कापला असता.

पीएफवरच्या कराचंही सांगतो. पाच वर्षं सलग सेवा झाली की काढलेली रक्कम करमुक्त. आधीचे पैसे नवीन खात्यात ट्रान्सफर केले की आधीची सेवा त्यात मोजली जाते. तुमची ४ वर्षं १ महिना अधिक ३ महिने, म्हणजे नवीन नोकरीचे आठ-नऊ महिने झाले की पाच वर्षं पूर्ण. जुने मेंबर आयडी दोन आहेत, ट्रान्सफर दोन्हींचं झालंय ना हे स्वतः पाहा. आपोआप होईल म्हणून बसलेल्यांचा पहिला आयडी बऱ्याचदा तसाच राहून जातो.

विमा_टेबल

ऑपरेशनबद्दल. इथे दोन वेगळे कान आहेत, एक कंपनीचा आणि एक विमा कंपनीचा. एचआरला गॅपमागचं वैद्यकीय कारण सांगायची गरज नाही, ‘कौटुंबिक आणि वैयक्तिक’ पुरे. विमा कंपनीने फॉर्ममध्ये थेट विचारलं असेल तर मात्र खरं आणि पूर्ण उत्तर द्यायचं.

कंपनीच्या मूळ मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये सहसा नाव, जन्मतारीख, नातं एवढंच असतं, आजाराचा प्रश्न नसतो. जो प्रश्न विचारलेलाच नाही त्याचं उत्तर समासात लिहू नका. प्रश्न येतात ते दोन ठिकाणी. एक, तुम्ही पगारातून पैसे भरून जादा टॉप-अप घेता तेव्हा. दोन, ग्रुप टर्ममध्ये रक्कम ‘फ्री कव्हर लिमिट’च्या वर जाते तेव्हा. समजा कव्हर ५० लाखांचं आहे आणि लिमिट ३० लाखांचं, तर वरच्या २० लाखांसाठी प्रकृतीचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत कव्हर ३० लाखांचंच. तिथे ‘गेल्या काही वर्षांत शस्त्रक्रिया झाली का’ याला ‘हो’ लिहा, महिना-वर्ष टाका, डिस्चार्ज समरी आणि काढलेल्या पित्ताशयाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट जोडा. रिपोर्ट स्वच्छ असेल तर या ऑपरेशनवर सहसा अडत नाही. लपवलं आणि पुढे दाव्याच्या वेळी निघालं, तर घरच्यांना निस्तरावं लागतं. हा फॉर्म एचआरकडे न देता थेट विमा कंपनीच्या किंवा ब्रोकरच्या पोर्टलवर भरता येतो का, हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी येतो.

नवऱ्याचं नाव मेडिक्लेममध्ये रुजू होतानाच्या मुदतीतच घाला. ग्रुप पॉलिसीत वर्षाच्या मध्ये नाव घालायची मुभा साधारणपणे नुकतंच लग्न झालेल्यांना आणि नवजात बाळाला असते. तुमचं लग्न रुजू होण्याआधीच झालंय, म्हणून आत्ताची मुदत चुकली तर थेट पॉलिसीच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागेल. मुदत किती दिवसांची आहे ते मेलवर विचारा, तोंडी नको.

आईसाठी तीन गोष्टी लेखी मागा : आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, पालकांच्या दाव्यात को-पे किती टक्के, आणि खोलीभाड्याची मर्यादा किती. को-पे २० टक्के असेल तर ३ लाखांच्या बिलात ६०,००० तुमच्या खिशातून जातात. आईची स्वतःची वेगळी पॉलिसी चालू असेल तर ‘आता कंपनीचं आहे’ म्हणून ती बंद करू नका. आधीपासूनच्या आजारांसाठी तिथे जास्तीत जास्त ३६ महिने प्रतीक्षा असू शकते आणि पॉलिसी तुटली की ते महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

पासबुक_वाचा

लग्नावरून आठवलं, पीएफचं नामनिर्देशनही बदलावं लागेल. लग्नाआधी, कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं. आई-वडिलांचं नाव पोर्टलवर अजून दिसत असलं तरीही. ‘ई-नॉमिनेशन’मध्ये नवऱ्याचा तपशील, आधार आणि फोटो टाकून टक्केवारी द्या आणि शेवटी ई-साइन करा. ई-साइनशिवाय ते पूर्ण होत नाही, नुसतं ‘सेव्ह’ करून लोक बाहेर पडतात.

आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पासबुक उघडा. फेब्रुवारीची पहिली वर्गणी योग्य यूएएनवर आली का आणि पेन्शनचा रकाना तुम्ही फॉर्म ११ मध्ये लिहिल्याप्रमाणेच आहे का, तेवढं बघा. चूक असेल तर पेरोलला तेव्हाच कळवा. एका महिन्याची दुरुस्ती करणं सोपं जातं, दोन वर्षांची फार किचकट होते.

रुजू_होतेय

पासबुक पाहिलं. पेन्शनच्या रकान्यात २०२० पासून दरमहा १,२५० आहेत, म्हणजे ‘हो’. मार्क एग्झिट आज करते, एचआरला मेल उद्या सकाळी.

पेरोल_डेस्क

त्या तीन महिन्यांचा पेन्शनचा रकानाही बघा. तिथे शून्य असेल तर मधल्या कंपनीने तुमचा फॉर्म चुकीचा भरलाय. तरी ‘हो’ च लिहा, पण मेंबर आयडीसह ही गोष्ट नव्या पेरोलला लेखी कळवून ठेवा.