पुरानंतरच्या नोंदींसाठी मुक्त सॉफ्टवेअर: वस्तीच्या पातळीवर सुरुवात कोठून करावी?

अंबाझरीकर (प्रश्न):
नमस्कार. २३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आमच्या ले-आउटमध्ये शिरले, हे नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. पाणी ओसरले, नोंदींचा घोळ मात्र पुढे कित्येक आठवडे चालला. रहिवासी मंडळाचे रजिस्टर कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, ते भिजून फुगले. मग तीन कार्यकर्त्यांनी तीन याद्या केल्या. एकच कुटुंब एका यादीत ‘वानखेडे’, दुसरीत ‘वानखडे’ आणि तिसरीत घरमालकाच्या नावाने आले. त्यांच्याकडे किराणा दोनदा पोहोचला आणि मागच्या खोलीतील भाडेकरूंना काहीच मिळाले नाही. त्सुनामीनंतर श्रीलंकेत ‘सहाना’ ही मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, संगणक प्रणाली तयार झाली असे वाचले. दोनशे घरांच्या वस्तीसाठी ती बसवता येईल का?

नकाशावेडा:
बसवता येईल, पण बसवू नये असे माझे मत आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील प्रोग्रामरांनी स्वयंसेवेने सहाना लिहिली, ती हरवलेली माणसे, मदत छावण्या, साहित्याच्या मागण्या आणि कोणती संस्था कोठे काम करते आहे, हे सारे एकाच ठिकाणी दिसावे म्हणून. तिला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा २००६ सालचा सामाजिक उपयुक्ततेचा पुरस्कारही मिळाला. ती जिल्ह्याच्या किंवा देशाच्या आवाक्याची आहे. दोनशे घरांसाठी ती चालवणे म्हणजे चार माणसांच्या वरणभातासाठी लग्नाच्या पंगतीची भट्टी पेटवणे होय.

आपण ‘कोबो टूलबॉक्स’ हे माहिती गोळा करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर पाहावे. त्यात प्रश्नावली मराठीत तयार करता येते, मोबाईलवर नेटवर्क नसतानाही ती भरता येते, सोबत फोटो व जागेचे अक्षांश-रेखांश जोडता येतात आणि नेटवर्क आल्यावर सर्व नोंदी एका तक्त्यात जमा होतात. आपली खरी अडचण मात्र सॉफ्टवेअरची नाही, ओळखीची आहे. नावावरून नोंद करू नका. प्लॉट क्रमांक, मजला आणि चूल असा क्रम ठरवून एका चुलीमागे एकच नोंद ठेवा, म्हणजे आडनाव कसेही लिहिले तरी कुटुंब दोनदा येणार नाही आणि भाडेकरूही सुटणार नाहीत.

दुसरे काम नकाशाचे, आणि ते पावसाळ्याआधीच करायचे आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचे, पोर्ट-ओ-प्रिन्सचे, ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावरील पान जवळजवळ कोरे होते, जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत रस्ते रेखाटले आणि बचाव पथकांनी तोच नकाशा वापरला. उपग्रहचित्रात न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे कोणती गल्ली पुढे बंद होते किंवा कोणत्या कुंपणात मागचे फाटक आहे, तुम्हीच भरू शकता.

निवृत्त_महसूल:
वरील सल्ला योग्य आहे, पण एक भ्रम नसावा: शासकीय मदत अधिकृत पंचनाम्यावरच मिळते, तुमच्या तक्त्यावर नाही. तरीही पंचनाम्यात जी माहिती विचारली जाते ती त्याच क्रमाने तुमच्या प्रश्नावलीत असेल, तर दारात आलेल्या कर्मचाऱ्याचे काम हलके होते आणि सुटलेली घरे त्याच दिवशी लक्षात येतात. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक मात्र मुळीच गोळा करू नका. सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणून लोकांची माहितीही मोकळी सोडायची नसते. सार्वजनिक नकाशावर रस्ते असावेत, कोणाच्या घरी वृद्ध एकटे राहतात हे नसावे.

नकाशावेडा:
पूर्ण सहमत. शिवाय मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे: उद्या कोबोची सेवा बंद पडली किंवा तिच्या अटी बदलल्या, तर तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याची मुभा आपल्याला राहते.

अंबाझरीकर:
दोन आठवड्यांनी लिहितो आहे. एका गल्लीत, बारा प्लॉटवर, चाचणी घेतली आणि चुली एकोणीस निघाल्या. अडचण भलत्याच प्रश्नावर आली. ‘पाणी किती फुटांपर्यंत चढले होते?’ याचे उत्तर कोणालाच देता येईना; एका आजींनी भिंतीवरचा डाग दाखवून ‘शेगडी बुडाली होती’ एवढेच सांगितले. म्हणून फूट काढून टाकले आहेत. आता पर्याय ‘घोटा, गुडघा, कंबर, स्वयंपाकाचा ओटा’ असे आहेत, आणि पुढच्या रविवारी दुसरी गल्ली घेत आहोत.