अमेरिकेतल्या मळेवाल्याचं दफ्तर वाचतेय: त्यात गुलाम माणसं शोधायची कशी?

साताऱ्याची_वाचक

नमस्कार. मी साताऱ्यात इतिहासात एम.ए. करतेय. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे प्रबंधाला हाच विषय घेतला. पण ती गुलामी रोजच्या व्यवहारात कशी चालायची तेही बघायचं होतं. म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅमेरॉन घराण्याचे कागद वाचायला घेतले. चॅपल हिलच्या विद्यापीठाने ते जपलेत, काही भाग ऑनलाइन मिळतो.

घराणं बडं. १८६० च्या सुमारास पॉल कॅमेरॉनकडे ३०,००० एकर जमीन आणि ९०० च्या आसपास गुलाम होते. त्याचे वडील डंकन यांच्या चार मुली क्षयाने गेल्या, त्या दुःखाने घर हलून गेलं. आणि ह्याच घराने १८४४ मध्ये ११४ माणसं अलाबामातल्या कापसाच्या जमिनीवर धाडून दिली. मागे राहिलेल्या आयांचं, भावंडांचं काय झालं असेल? पत्रांत मालक बोलतो, मुकादम बोलतो, वकील बोलतो. ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललं, ती माणसं स्वतः क्वचितच. रोज रात्री वाचते आणि अस्वस्थ होऊन उठते. मला ती माणसं हवी आहेत. कुठून धरू?

वखारभाग_सांगली

ताई, पत्रं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि हिशोबाचे कागद काढा. मी इतिहासवाला नाही, आमची हळदीची अडत आहे, आजोबांपासूनची. पण असल्या प्लँटेशनच्या वह्या आवडीने वाचतो, कारण त्या मला कळतात.

कापूसवाला मालक माल स्वतः विकत नसे. न्यू ऑर्लिन्स, चार्ल्सटन, मोबाइल इथल्या अडत्याकडे गाठी जायच्या. अडत्या विकून पट्टी पाठवायचा: एकूण रक्कम, त्यातून बोटीचं भाडं, वखारभाडं, तोलाई, विमा आणि साधारण अडीच टक्के अडत वजा. उरलेलं खात्यावर जमा. खात्यावर मात्र पुढच्या पिकाची उचल आधीच नावे (येणं म्हणून) पडलेली, तिच्यावर व्याज चढतंय. आमच्या पेठेतला कुठलाही दिवाणजी ती पट्टी बसल्या बसल्या वाचेल. फरक तारणात आहे. कर्जाला जमीन तारण असे, तशी माणसंही तारण असत. कापसाचा भाव कोसळल्याचं पत्र सापडलं की तिथे खूण करा आणि त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली विक्रीखतं शोधा. तिथे नावं निघतात.

आता दुसरं. थॉमस अफ्लेक नावाच्या माणसाने १८४० च्या दशकाअखेरीपासून मळ्यांसाठी छापील वही विकायला काढली, राबणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे लहान-मोठी. अशा वह्या बऱ्याच घराण्यांच्या कागदांत असतात. कापूस वेचणीच्या पानावर प्रत्येकाचं नाव आणि सोमवार ते शनिवार रोज किती पौंड वेचला ते. एका बाईची ओळ धरून चला. वजन उतरत जातं, मग काही रकाने कोरे. जन्माच्या पानावर जा, तिथे आई म्हणून तिचंच नाव असू शकतं. मग किमतीचं पान उघडा. हो, किमतीचं. वर्षाच्या सुरुवातीला माणसाची किंमत काय, वर्षअखेर काय. मूल जन्मलं की बेरीज वाढली, वय झालं की आकडा उतरला. ते पान बघून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. आमच्या वहीत माल लिहितात. इथे मालाच्या जागी आई आणि तिचं लेकरू लिहिलंय, सुंदर अक्षरात, बेरीज बिनचूक.

घोंगड्या आणि बूटवाटपाच्या याद्या सोडू नका. बऱ्याचदा त्या कुटुंबवार असतात, म्हणजे कोण कोणाचं ते तिथे कळतं. एका माणसाला एक कार्ड करा. यादीत नाव गळलं की मृत्यूचं पान, विक्रीखत आणि तुमची ती अलाबामाची यादी, तिन्ही तपासा.

मिरज_कॉलेजरोड

काकांचं पटतंय. पण डॉक्टरांची बिलं, घोंगड्या, बूट... काही मालक काळजीही घेत असतील ना? सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं का?

वखारभाग_सांगली

डॉक्टरचं बिल आणि किमतीचं पान शेजारी ठेवून वाचा. ज्याची किंमत लिहिलीय त्याला मरू देणं तोट्याचं होतं. मालक मनाने मऊ असेलही, पण कर्ज थकलं की तो मऊपणा लिलाव थांबवत नव्हता.

वाईचा_मोडीवाचक

मिरजकरांना उत्तर कॅमेरॉन घराण्याच्याच गोष्टीत आहे. मेरी वॉकर ही त्यांच्या घरातली गुलाम बाई. १८४८ मध्ये कुटुंबाबरोबर उत्तरेत, गुलामी नसलेल्या फिलाडेल्फियाला गेली असताना ती निसटली. आई आणि मुलं मागेच राहिली. १८५९ मध्ये उत्तरेतल्या एका स्नेह्याने डंकन यांच्या मुलीला, मिल्ड्रेडला, पत्र लिहून विनवलं की पैसे घ्या, पण हिची माणसं हिला द्या. दिली नाहीत. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, १८६५ उजाडलं, तेव्हा कुठे दोन मुलं तिला भेटली. घोंगड्या वेळेवर वाटणारं घर ते हेच.

ताईंना एक सांगतो. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, कातडीचा रंग असली माहिती. गुलामाचं नाव जवळपास कुठेच नाही. बहुतेकांची नावं पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. त्यामुळे त्याआधीची नावं हवी असतील तर मालकाचं दफ्तर, मृत्युपत्रं आणि विक्रीखतं हाच आधार.

आणि आपल्याकडचंही बघा. पेशवे दफ्तरात कुणबिणी आणि बटकींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीचे कागद आहेत. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने कोर्टांनी माणसावरची मालकी मानणं बंद केलं. अमेरिकेवर लिहिणाऱ्याने इथले रुमालही, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडून बघायला हवेत. मोडी अडली तर मला विचारा, मी वाचून देईन.

साताऱ्याची_वाचक

काका, दादा, खूप आभार. ११४ जणांपासूनच सुरू करते. युद्धानंतर, १८७० च्या दशकात, पॉल कॅमेरॉनने अलाबामातली तीच जमीन विकली आणि ती घेणाऱ्यांत तिथे नेलेली माणसं होती. म्हणजे १८४४ ची नावं, १८७० ची जनगणना आणि जमिनीची खरेदीखतं जोडून बघता येतील. कोणत्या घराने किती एकर घेतली ते मला नावानिशी लिहायचंय. एका पट्टीत वजावटीच्या दोन ओळी लागत नाहीत. काका, फोटो इथेच टाकते, बघाल का?

वखारभाग_सांगली

टाका. आधीच्या वर्षाची पट्टीही बरोबर टाका, मागील बाकी कुठून आली ते त्याशिवाय कळणार नाही.