अनुभव धागा : वादळ येतंय म्हणे, काय काय भरलंत?

रेड अलर्टचा मेसेज फिरला रे फिरला की आधी कांदे-बटाटे संपतात, वारा नंतर सुटतो. मे 2021 मधलं तौक्ते वादळ आठवा. करोनाचा कर्फ्यू, दुकानं सकाळी सात ते दुपारी एक, आणि शनिवारी अख्ख्या गोव्याला एकदमच आठवलं की घरात काही नाही. मार्च 2020 मध्ये किराणा दुकानांनाही कुलपं लागली होती, ती धास्ती अंगातून गेलेली नव्हती. तेव्हा लोकांना नुसतं हसण्यात अर्थ नाही. पण भरलेल्या डब्यांना वादळाने हातही लावला नाही. गेली ती वीज, आणि तिच्यामागोमाग पाणी.

तौक्ते, क्यार, निसर्ग, कुठलंही चालेल. काय आणलंत, काय कामी आलं, लिहा. दुकानदारांनीही लिहावं, त्यांना कोणी विचारतच नाही.

डिचोलीचा दुकानदार
विचारलंत म्हणून सांगतो. भुसारी दुकान आहे आमचं. त्या शनिवारी शटर अर्धं वर केलं आणि आत हात यायला लागले. मॅगी, दूध पावडर, बिस्किटं, साखर. एका बाईंनी मैदा मागितला, किती विचारलं तर म्हणाल्या, "असेल तेवढा द्या." मैद्याचं वादळात काय करतात मला अजून कळलेलं नाही. बेळगावची भाजीची गाडी चोर्ला घाटातून येईल की नाही याची कुजबुज सुरू झाली आणि टोमॅटोची क्रेट बघता बघता रिकामी. गंमत म्हणजे टॉर्चचे सेल कोणीच मागितले नाहीत. सोमवारी दुकान उघडलं तर प्रत्येकाला सेलच हवे! आणि मैदावाल्या बाई मैदा परत घेता का विचारायला आल्या. नाही घेतला.

म्हापशाची सून
आमच्या सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, सगळे बाजारात पळताहेत." म्हणाल्या, "मे अर्धा सरला तरी ज्यांचं पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झालं नाही, त्यांनी पळावं." सुकी सुंगटं (कोळंबी), बांगडे, मिठातली कैरी, कुळीथ, चिंचेचे गोळे, सगळं डब्यांत आणि बरण्यांत बसलेलं. नुकसान झालं ते एकच. गच्चीवर कोकमाची सोलं वाळत होती. रसात बुडवून पुन्हा उन्हात, असं दोनदा झालेलं. शनिवारी संध्याकाळी पावसाचे टपोरे थेंब आले तेव्हा मी आणि त्या दोघी साड्यांचे पदर खोचून सूप-सूप भरून सोलं आत आणत होतो. निम्मी भिजलीच, नंतर बुरशी धरली. त्याचं दुःख त्या अजून काढतात. वादळाचं नाही.

ताळगावकर
क्यार, ऑक्टोबर 2019. भीती वाऱ्याची नव्हतीच. नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं चटकन पेटणारं तेल, भरलेलं 'नु शी नलिनी' जहाज भरकटत येऊन दोना पावलाला राजभवनाखालच्या खडकांवर अडकलं होतं. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, गॅस पेटवू नका. झालं, ऐन दिवाळीत चकल्यांचं पीठ तसंच, आणि सगळे विकतच्या फराळावर तुटून पडले.

साळगावहून
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. भावाला करोना झालेला, घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला. रविवारी पहाटे माड तारांवर पडला आणि वाडीची लाईट गेली. इन्व्हर्टर पंखा-दिव्यांपुरता, त्यावर ते मशीन किती वेळ ओढणार? शेजारी जुना जनरेटर होता आणि त्या काकांनी आदल्या दिवशीच कॅन भरून पेट्रोल आणून ठेवलं होतं. त्यावरून वाडीभर त्यांची टिंगल चालू होती. दोन घरांच्या मधून वायर ओढली, वरून पाऊस, जोडणीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं तेव्हा वहिनी मटकन खाली बसली. काकांना जास्तीची खरेदी म्हणून कोणी नावं ठेवू नयेत.

पर्वरीकर
टाकी फुल्ल केली. गेटासमोर आंबा आडवा. गाडी आतच.

फोंड्याचा एक
पण खरं सांगा, वादळ आलंच कुठे? उगाच घाबरवतात.

धागाकर्ता
फोंडेकर, अरबी समुद्रातली मे महिन्यातली वादळं बरेचदा किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकतात, आपल्याला त्यांची कड लागते. तौक्ते जमिनीवर चढलं ते 17 मेच्या रात्री सौराष्ट्रात. तरी नुसत्या कडेने गोव्यात दोन माणसं गेली आणि लाईनमन कित्येक दिवस खांबांवर होते. चुकलं ते घाबरणं नव्हे, यादी चुकली.

पेडण्याहून
यादीत पाणी लिहा. वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणजे नळ कोरडा. आमच्याकडे विहीर आहे, काठोकाठ नसली तरी पाणी होतं. पण पंप बसवला तेव्हा पाणी शेंदायचा राट काढून टाकलेला. गुरांचा दोर बादलीला बांधून सोडली, तर प्लॅस्टिकची बादली पाण्यावर नुसती तरंगत राहिली. पोरांना हिसका देऊन ती बुडवताच येईना. शेवटी शेजारच्या आजींनी तांब्याची कळशी आणून दाखवलं. घरात मिनरल वॉटरचे बॉक्स रचलेले, आणि संडासाला पाणी नाही!

धागाकर्ता
मग राट परत बसवलात का?

पेडण्याहून
नाही हो. यंदा बघू.