घड्याळाचं जुनं दुकान बंद झालं: खरंच काही गेलं, की आपण उगाच हळवे होतोय?

किल्लीवाला
आमच्या तीन पिढ्यांची घड्याळं ज्या दुकानातून आली, त्याचे मालक गेल्या महिन्यात वारले. मुलं दुसऱ्या व्यवसायात, त्यामुळे शटर आता कायमचं खाली.

वडिलांचं चावीचं घड्याळ मध्यंतरी दिवसाला पंधरा मिनिटं पुढे पळायला लागलं होतं. एका सर्व्हिस सेंटरने सगळं खोलायला सांगितलं. मालकांनी नुसतं होकायंत्र जवळ धरलं. होकायंत्राचा काटा हलला. "रात्री स्पीकरवर काढून ठेवता का?" चुंबकत्व शिरलं की आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. चुंबकत्व काढणाऱ्या एका छोट्या यंत्रावर ठेवून अर्ध्या मिनिटात काम झालं. पैसे विचारले तर म्हणाले, "याचे कसले पैसे?"

अशी सेवा आता कुठे मिळते? माझ्या मते नाहीच मिळत.

तबकडी
दुःखात सहभागी आहे, पण मत पटलं नाही. तो चांगुलपणा बराचसा घड्याळाच्या यंत्रानेच घडवलेला होता. चावीच्या घड्याळातलं तेल चार-पाच वर्षांत सुकतं, गिऱ्हाइकाला परत यावंच लागतं. परत येणाऱ्याशी कोण वाकडं वागेल? 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेल आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ आणलं आणि हे नातंच बदललं. सेकंदाला 32,768 कंपनं करणाऱ्या स्फटिकाला घड्याळजी हवाच कशाला? दोन-तीन वर्षांनी सेल बदलला की झालं.

रिकामा काउंटर
तेही धड करत नाहीत! सेल बदलताना पाठ उघडली की रबरी कडी तपासायची असते, दाब देऊन बघायचं असतं. माझं 'वॉटर रेझिस्टंट' घड्याळ सेल बदलल्यावर पहिल्याच पावसात आतून धुकट झालं. (30 मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नये, हेही कोणी सांगत नाही.)

साडेसाती
मी उलट अनुभवाची. कॉलेजात असताना अशाच एका खानदानी दुकानात गेले होते. मालकांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग म्हणाले, "ते काढून दाखवण्यातलं नाही." भाव माणूस पाहून ठरायचा. ऑनलाइन पानावर मला आणि शेटजींना एकच किंमत दिसते, आणि घड्याळ आवडलं नाही तर परत. मला तरी हीच इज्जत वाटते.

किल्लीवाला
साडेसाती, हे वाईटच, त्याची बाजू घेणार नाही. पण तबकडी, तुमचा हिशेब उलटाही लागतो ना? परत येणाऱ्याला दर वेळी थोडं थोडं लुटताही येतं. बिघाड त्याला दिसत नाही, भिंग घड्याळजीच्या डोळ्याला. तिथे "काही झालेलं नाही" म्हणणं यंत्र शिकवत नाही.

लंबक
चांगुलपणा असूनही दुकान टिकेलच असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नचं बुखरर हे घड्याळांचं दुकान 1888 चं, घराण्याचं, 1924 पासून रोलेक्स विकणारं, शंभराहून जास्त दुकानं. तिसऱ्या पिढीच्या योर्ग बुखरर यांना थेट वारस नव्हता. 2023 च्या ऑगस्टमध्ये रोलेक्सच ते विकत घेत असल्याचं जाहीर झालं, नोव्हेंबरमध्ये योर्ग वारले. एवढ्या मोठ्या घराण्याची ही गत, तर छोट्यांना कोण विचारतो? त्यात बऱ्याच कंपन्या सुटे भाग फक्त अधिकृत केंद्रांना देतात. तुमच्या मालकांना दुरुस्त करायचं असतं, तरी भाग कुठून आणले असते?

तबकडी
किल्लीवाला, भिंगाचा मुद्दा मान्य. तरी असा माणूस दहांत एक. त्याच्यावरून आख्खा जमाना चांगला ठरवू नका.

किल्लीवाला
जमान्याचं सोडा. ते घड्याळ परवापासून पुन्हा पळतंय. होकायंत्र विकत आणलंय.

साडेसाती
ते मोबाइलमध्ये असतंच की हो!

किल्लीवाला
मोबाइलमध्ये चुंबकही असतं. म्हणून तर विकतचं आणलं.